आत्याच्या दारातली घरगाडी

घरगाडी भाड्याने घ्यायचा विचार ज्यांच्या मनात घोळत असेल, त्यांना माझी पहिली सूचना अशी की हा विचार शेजाऱ्यांसमोर बोलून दाखवू नका. बायकोसमोरही दाखवू नका असं म्हणणार होतो. पण ते आजवर कुणालाच जमलेलं नाही, म्हणून फार ताणत नाही.

घरगाडी म्हणजे पाठीवर खोली असलेली गाडी. पुढे चालकाची केबिन, मागे पलंग, ओटा, बेसिन, कपाटं, आणि त्यातल्याच एका कपाटाच्या दारामागे संडास. जाहिरातींत अशा गाडीपुढे एक जोडपं खुर्च्या टाकून तळ्याकडे बघत बसलेलं असतं. आम्हाला तळं बघायचं नव्हतं. आम्हाला आत्याच्या दारात जायचं होतं, तेही आत्याच्या दारात न जाता.

हे जरा समजावून सांगावं लागेल. अण्णा म्हणजे माझे वडील आणि आत्या म्हणजे त्यांची थोरली बहीण. दोघांचं एका कपाटावरून बिनसलं होतं. माझ्या आजीचं शिसवी कपाट आत्याच्या वाट्याला आलं आणि तिच्या नव्या घराच्या दारातून ते आत जाईना. आत्याने सुताराला बोलावलं, कपाट मधोमध कापून घेतलं आणि त्याची दोन कपाटं केली. अण्णा बघायला गेले, दोन्ही अर्ध्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "या घरात मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही." आत्या म्हणाली, "मग मीही तुझ्या घरात ठेवणार नाही." आमच्या घराण्यात शब्द फिरवत नाहीत. डोकं फिरलं तरी चालतं.

तेव्हापासून ही भावंडं भेटायची ती फक्त दवाखान्यांत आणि लग्नाच्या हॉलमध्ये. तिथे मात्र शेजारी शेजारी खुर्च्या टाकून बसायची आणि इतकं बोलायची की पेशंटला झोप लागू नये. हे असंच चाललं असतं. पण आत्याने घर विकलं आणि ती कायमची परदेशी, मुलाकडे निघाली. "आता काही परत येणं होत नाही माझं," असं तिने फोनवर अण्णांना सांगितलं. अण्णा त्यावर "बरं" म्हणाले आणि गप्प झाले. त्यांचं गप्प बसणं आमच्याकडे सगळ्या खोल्यांत ऐकू येतं.

शेवटी जेवताना ते म्हणाले, "ताईला भेटायला हवं. निवांत. घटकाभर उभ्या उभ्या नाही."

"मग विमानतळावर जाऊ," मी म्हणालो.

"विमानतळावर निरोप देतात. बोलत नाहीत."

"तिच्या गावात लॉजवर राहू."

"सख्ख्या बहिणीचं घर असताना लॉजवर? लोक काय म्हणतील?"

"मग तिच्या घरीच—" एवढं म्हणून मी उरलेलं वाक्य घासाबरोबर गिळलं.

त्याच क्षणी मला घरगाडी सुचली. स्वतःचं घर घेऊन जायचं, आत्याच्या फाटकाबाहेर उभं करायचं, आणि दोन्ही घरांच्या मध्ये बसून गप्पा मारायच्या. ना अण्णांचा शब्द मोडतो, ना आत्याचा. मी इतका खूश झालो की उठून उभा राहिलो. बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला आपल्या पार्किंगमधून छोटी गाडी काढता येत नाही." या वाक्याकडे मी दुर्लक्ष केलं. माझ्या बऱ्याचशा आयुष्याचा पाया याच दुर्लक्षावर आहे.

दुसऱ्या दिवशी सगळ्या इमारतीला बातमी कळली होती. तळमजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी मला जिन्यात गाठलं. "झोपताना डोकं इंजिनाच्या बाजूला करायचं नाही," ते म्हणाले. का, ते त्यांनी सांगितलं नाही. विद्यार्थ्याने स्वतः विचार करावा अशी त्यांची पद्धत. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी दोरीचं भेंडोळं आणून दिलं. "दोरी कधी वाया जात नाही," म्हणाल्या. समोरच्यांनी कधीकाळी एक घरगाडी लांबून पाहिली होती, त्यामुळे त्यांना सगळे 'अनुभवी' म्हणू लागले. अनुभवींचा सल्ला असा की घरगाडीत संडास असतो, पण तो वापरायचा नसतो. "मग कशासाठी असतो?" मी विचारलं. "मनाला आधार," ते म्हणाले. पुढे हाच सल्ला सगळ्यांत खरा निघाला, म्हणून जिज्ञासूंसाठी नोंदवून ठेवतो.

गाडी भाड्याने देणारा माणूस घाईत होता. त्याने सगळं भराभर दाखवलं. चांगल्या पाण्याची टाकी ही. वापरलेल्या पाण्याची ती. "आणि ही तिसरी, तिचं नाव काढू नका." दोन लाल मुठी फिरवून टाक्या उघडतात. कपाटांची दारं खिटी लावून बंद करायची, नाहीतर वळणावर भांडी अंगावर येतात. मागच्या खोलीतून केबिनमध्ये यायला वाट नाही, गाडी चालू असताना मागे कुणी बसायचं नाही. मागच्या खोलीला दार एकच, डाव्या अंगाला, आणि दाराखाली घडीची लोखंडी पायरी. शेवटी त्याने दोन पिवळे त्रिकोणी ठोकळे माझ्या हातात दिले.

"उतारावर उभी केली की हे चाकाखाली. हॅन्डब्रेक आहे, पण त्याच्यावर विसंबू नका."

"मग तो कशासाठी आहे?"

"असावा लागतो," तो म्हणाला. संडासासारखंच हेही मनाच्या आधारासाठी असावं, असं मी धरून चाललो.

इथे अण्णांविषयी एक सांगायला हवं. ते जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झाले. उभा जन्म त्यांनी दुसऱ्यांच्या शेतांच्या हद्दी ठरवण्यात घालवला, आणि सख्ख्या भावांच्या मध्ये मोजणीची साखळी टाकताना कधी बोटभर इकडे की तिकडे केलं नाही. अजूनही त्यांच्या खिशात टेप असतो. निघण्यापूर्वी त्यांनी गाडीची लांबी, रुंदी, उंची मोजली आणि म्हणाले, "उंची लक्षात ठेव." मी हो म्हणालो आणि विसरलो.

आत्या दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होती. आम्ही पहाटे निघालो तर दुपारच्या आत पोहोचणार होतो. म्हणजे अख्खी दुपार आणि संध्याकाळ हातात. केबिनमध्ये आम्ही तिघं, मध्ये अण्णा, मांडीवर दोरीचं भेंडोळं. पहिल्याच वळणावर मागून असा आवाज आला की जणू भांड्याचं दुकान कुणी जिन्यावरून ढकललं. खिट्या लावायचं काम बायकोने माझ्यावर सोपवलं होतं; मी समजत होतो की तिने लावल्या. आम्ही बराच वेळ त्यावर बोललो.

मग पूल आला. रेल्वेच्या रुळांखालून जाणारा रस्ता आणि वर लोखंडी आडवा खांब. मी पुलापाशी थांबलो, कारण मला उंची आठवेना.

"सांगितलं होतं लक्षात ठेव म्हणून," अण्णा म्हणाले.

"तुम्हीच सांगा ना मग!"

"मी मोजलं, लक्षात ठेवायचं काम तुझं होतं." ते खाली उतरले, टेप काढला, आधी गाडी मोजली, मग पुलाच्या भिंतीवर टेप लावला. मागे गाड्यांची रांग लागली. ट्रकवाले, बसवाले, स्कूटरवाले, सगळ्यांनी मिळून हॉर्न धरला. एकाने डोकं बाहेर काढून विचारलं, "काका, पूल विकत घेताय का?" अण्णांनी मान वळवली नाही. पुन्हा एकदा मोजून ते परत आले आणि म्हणाले, "जाईल. पण श्वास घेऊ नकोस." मी घेतला नाही. गाडी गेली, वरचा एक दिवा फुटून मागे राहिला.

आत्याच्या शहराच्या वेशीवर नाका होता. अडथळ्याजवळच्या साहेबांनी काच वाजवली.

"मागे माल काय?"

"माल नाही साहेब. घर आहे."

"घर? मग घर हलवायला परवानगी लागते."

"म्हणजे गाडीच आहे साहेब."

"गाडी असेल तर जड वाहन. जड वाहनांना चार वाजेपर्यंत शहरात बंदी."

"साहेब, आम्हाला दुपारच्या आत पोहोचायचंय. आत्या उद्या सकाळी कायमची चाललीय—"

"घर की गाडी, एक काय ते ठरवा."

मी अण्णांकडे आशेने बघितलं. सरकारी माणसाला सरकारी माणसाची भाषा कळते. अण्णा पुढे झुकले, साहेबांना नमस्कार केला आणि म्हणाले, "बरोबर आहे साहेबांचं. एकाच वस्तूची दोन खाती कशी करणार?" साहेबांचा चेहरा खुलला. एवढा जाणकार नागरिक त्यांना पुष्कळ दिवसांत भेटला नसावा. ते अण्णांशी हद्दींच्या कायद्यावर बोलू लागले, आणि मी स्टीअरिंगवर कपाळ टेकवलं. माझ्या बापाला बहिणीकडे न्यायला मी रक्त आटवत होतो आणि बाप नाक्यावर नियमाची बाजू घेत होता.

मग साहेबांना आत बघावंसं वाटलं. नाक्यावरचे आणखी दोघं आले. बायकोने सांडलेली भांडी पायाने बाजूला सारून त्यांना ओटा दाखवला, बेसिन दाखवलं. साहेब बूट खाली रस्त्यावर काढून पलंगावर आडवे झाले. "पाठीला बरं आहे," ते छताकडे बघत म्हणाले. दुसऱ्याने पाणी येतं का बघायला नळ पूर्ण सोडला. मी माझं ज्ञान दाखवायला खाली वाकून लाल मूठ फिरवली. ती चांगल्या पाण्याची निघाली. सगळी टाकी साहेबांच्या बुटांच्या बाजूने रस्त्यावर वाहून गेली.

"गाडी गळतेय," साहेब पलंगावरून म्हणाले. "गळती गाडी चालवायला मनाई आहे."

गळती थांबली, कारण गळायला काही उरलं नव्हतं. पण नियमाप्रमाणे ती थांबलीय हे बघायलाही वेळ द्यावा लागतो. दुपार तिथे गेली. अण्णा घड्याळाकडे बघायचे आणि मग रस्त्याकडे बघायचे. "बरोबर आहे साहेबांचं" हे त्यांनी पुढे म्हटलं नाही. एकदा हळूच मला विचारलं, "ताईने जेवण केलं असेल ना?" मला त्यांचा राग आला होता, तो तिथेच गेला.

अडथळा उठला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मी अशी गाडी चालवली की बायकोनेही टोमणा मारला नाही, डोळे मिटून घेतले.

आत्याचं घर एका गल्लीच्या शेवटी आहे. गल्ली उताराची, आणि उतार थेट तिच्या फाटकात संपतो. सामान नेणाऱ्यांनी फाटकाची दोन्ही दारं काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. घराच्या डाव्या अंगाला स्वयंपाकघर, तिथे मोठी खिडकी, आणि खिडकीत आत्या. ती रिकाम्या खोक्यात काहीतरी कागदात गुंडाळून भरत होती. गाडी बघून तिने हातातलं खाली ठेवलं, पण बाहेर आली नाही. फाटकाबाहेर उभं राहिलं की ते जवळजवळ अण्णांच्या घरापाशी येणंच झालं, असं तिच्या मनात आलं असणार. दोघं एकाच आईची लेकरं.

"मागची बाजू फाटकाकडे कर," अण्णा म्हणाले. "मागच्या खिडकीतून ताई दिसली पाहिजे."

मी गाडी उलटी वळवली. ती कशी वळवली ते विचारू नका; गल्लीतल्या एका कुंडीला विचारा. मग मागच्या चाकांखाली दोन्ही पिवळे ठोकळे लावले, हॅन्डब्रेक ओढला, हात झटकले. अण्णा घडीच्या पायरीवरून मागच्या खोलीत चढले आणि मागची खिडकी उघडून बसले. फाटकाच्या अलीकडे भाऊ, पलीकडे बहीण. बेत जमला होता. आयुष्यात पहिल्यांदा माझा बेत जमला होता, आणि मला वाटलं आता अनुभवींना बोलावून दाखवावं.

"आलास?" आत्या खिडकीतून ओरडली.

"आलो," अण्णा ओरडले.

"जेवलास?"

"हो. तू?"

एवढं झालं आणि अण्णांची नजर खाली गेली. ते खिडकीतून वाकले, टेप काढला, खाली सोडला आणि माझ्यावर खेकसले, "हा ठोकळा कुठे लावलास?"

"चाकाखाली."

"हद्दीचा दगड दिसत नाही तुला? ताईची हद्द भिंतीच्या बाहेर वीतभर आहे. ठोकळ्याचं टोक तिच्या हद्दीत गेलंय."

"अण्णा, ठोकळ्याचं टोक आहे ते!"

"ठोकळ्यावर चाक, चाकावर घर, घरात मी. म्हणजे मी कुठे टेकलोय? काढ तो. गाडी जराशी पुढे घे."

"मग इंजिन चालू करतो."

"एवढ्यासाठी इंजिन कशाला? आधी ठोकळा काढ, मग बघू."

सुशिक्षित, नोकरीत बढती मिळालेल्या, घरात पोरं असलेल्या माणसाने इथे नाही म्हणायला हवं होतं. पण वडिलांनी 'काढ' म्हटलं की हात आधी जातो. मी खाली बसलो, ठोकळा घट्ट रुतला होता, तो हिसकून ओढला. दुसऱ्या ठोकळ्याने एकट्याने थोडा वेळ धरायचा प्रयत्न केला, मग तोही कुरकुरत बाजूला सरकला. अशा वेळी गाडी गिअरमध्ये ठेवायची असते, हे मला नंतर चौघांनी वेगवेगळं सांगितलं.

गाडी निघाली.

घाईने निघाली नाही, हेच वाईट. ती इतकी सावकाश निघाली की मला सगळं दिसत होतं आणि काही करता येत नव्हतं. मी पुढचा बंपर दोन्ही हातांनी धरून मागे ओढत होतो आणि माझे बूट रस्त्यावरून घसरत होते. बायको ओरडली, "अण्णा, धरून बसा!" गाडी फाटकातून आत गेली, भिंतीला घासली, वळली, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीकडे जाऊ लागली. मागच्या खिडकीत अण्णा ताठ बसून होते. आणि आत्या खिडकीतून पळाली नाही. येणाऱ्या गाडीला थांबवायला तिने दोन्ही हात खिडकीबाहेर पुढे केले आणि लहानपणीच्या नावाने हाक मारली, "ठोंब्या! ए ठोंब्या!"

गाडी घर आणि कुंपणाची भिंत यांच्यामधल्या बोळात शिरली आणि कडाड आवाज करून अडकली.

मी धावत गेलो. मागच्या खोलीचं एकुलतं एक दार घराच्या भिंतीला चिकटलं होतं; मधून पोस्टकार्ड गेलं नसतं. पायरी मुडपून गाडीखाली गेली होती. पण गाडी तिरकी अडकल्यामुळे दाराशेजारची खिडकी बरोबर स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर आली होती, दोन्हींत हातभर अंतर. आत अण्णा ओट्याला धरून उभे होते.

"लागलं का रे?" आत्याने खिडकीतून वाकून विचारलं.

"नाही. डोक्यात ताटली पडली."

"बघू."

"काही नाही झालेलं." मग त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि त्यांना आपण कुठे आहोत ते कळलं. "मी पाऊल ठेवलेलं नाही, ताई. सांगून ठेवतो."

"पाऊल कशाला ठेवशील? चारही चाकं ठेवलीस!"

मी सुचवलं की अण्णांनी गाडीच्या खिडकीतून स्वयंपाकघराच्या खिडकीत यावं. अण्णा म्हणाले, ते घरात उतरणं झालं. आत्याने डोक्याला लावायला मलम घेऊन गाडीत यावं, असं बायकोने सुचवलं. आत्या म्हणाली, ते त्याच्या घरात जाणं झालं. मलम हातभर अंतरावरून पोहोचवण्यात आलं. क्रेनवाल्याला फोन केला. तो म्हणाला, आता सकाळीच. मी गाडीच्या मालकाला फोन केला आणि झाला प्रकार सांगितला. तो म्हणाला, "ठोकळे सांभाळून ठेवा."

तर घरगाडी घेऊन गेलेले मी आणि बायको त्या संध्याकाळी आत्याच्या घरात चटईवर बसलो, आणि अण्णा घरगाडीत कोंडून घेऊन खिडकीत. आत्या ओट्यापाशी स्टूल टाकून बसली. तिने चहा केला आणि कप पुढे केला. "माझ्याकडे आहे सोय," अण्णा म्हणाले. त्यांच्याकडे पाण्याचा थेंब नव्हता, तो मी नाक्यावर सांडला होता. त्यांनी गाडीतलाच एक रिकामा कप हातात घेतला आणि ते तो अधूनमधून तोंडाला लावत राहिले. आत्याला दिसत होतं. तिनेही आपला चहा तसाच ठेवला.

"तिकडे मला एक खोली दिलीय म्हणे," ती म्हणाली. "खिडकी आहे, पोरगा सांगत होता."

"कुठल्या दिशेला?"

"मला काय ठाऊक?"

"विचारायचं नाही का? पश्चिमेला असली तर दुपारी ऊन येतं."

"तिकडे ऊन आलं तर बरंच म्हणायचं." मग म्हणाली, "काय कुठे ठेवायचं ते आता सून ठरवणार. मला काय, एक बॅग ठेवायला कोपरा लागतो."

अण्णांनी टेप खिशातून काढला आणि परत ठेवला. मी त्यांच्याकडे बघत होतो. नियमात बसेल असं उत्तर ते शोधत होते. अंधार पडल्यावर दोघांनी आपापल्या खिडक्या लोटल्या, पण कडी कुणीच लावली नाही.

सकाळी क्रेन आली. गाडी ओरखडे घेत फाटकाबाहेर निघाली आणि हद्दीच्या दगडाच्या अलीकडे उभी राहिली. मी दोन्ही ठोकळे लावले, वर दोन दगड लावले, त्यावर आणखी दोन. तोवर आत्याची टॅक्सी येऊन उभी राहिली होती आणि घराचा नवा मालकही आला होता, हातात कोरं कुलूप घेऊन. सज्जन माणूस होता. किल्लीसाठी हात पुढे करायलाही लाजत होता.

आत्या किल्ली घेऊन गाडीच्या दारापाशी आली. तिने रात्रभर विचार केला होता, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

"हे बघ," ती अण्णांना म्हणाली. "मी आता यांच्या हातात किल्ली देते. किल्ली दिली की घर माझं नाही. मग तू खुशाल आत ये, बघून घे. तुझा शब्द मोडत नाही. यांना विचारलंय मी, यांची हरकत नाही."

"या ना, या," नवा मालक म्हणाला.

मी मनातल्या मनात आत्याला हात जोडले. मोजणी खात्याच्या वरिष्ठांनाही यात खोट काढता आली नसती. अण्णा दारात उभे होते. त्यांनी घराकडे बघितलं, नव्या मालकाकडे बघितलं, आणि तो हसऱ्या चेहऱ्याने हात पुढे करतोय हे बघून एकदम ओरडले, "किल्ली देऊ नकोस!"

सगळे दचकले. नव्या मालकाने हात मागे घेतला.

"परक्याच्या घरात माझं काय काम?" अण्णा म्हणाले. "मला तुझ्या घरी यायचंय."

दाराखाली पायरी नव्हती. त्यांनी खाली बघितलं, उंची त्यांच्या गुडघ्यांना जास्त होती. मी पुढे झालो, पण त्यांनी हात आत्याकडे केला. ती म्हणाली, "सावकाश रे." ते उतरले, हद्दीचा दगड ओलांडला, फाटक ओलांडलं, आणि उंबऱ्यावर क्षणभरसुद्धा न थांबता आत गेले. तिच्या मागोमाग नव्हे, तिच्या आधी.

आम्ही बाहेर थांबलो. मग अण्णांचा आवाज चढला. मग आत्याचा. मग दोघांचा एकदम. "सांगितलं होतं तेव्हाच" असं काहीसं, आणि "तुझं नेहमीचंच आहे" असं काहीसं. रिकाम्या घरात आवाज घुमत होता.

नवा मालक घाबरला. "काही बिनसलं का हो?"

"नाही," बायको म्हणाली. तिने पदराने डोळे टिपले. "आता ठीक चाललंय."

आत भांडण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलं, मग स्वयंपाकघरात आलं. तिथे नळ सुटल्याचा आवाज झाला. भांडी सगळी खोक्यात गेली होती, त्यामुळे अण्णा ओंजळीने पाणी प्यायले असं वाटलं. त्यानंतर अगदी शांत झालं.

टॅक्सीवाल्याने घड्याळ बघितलं. "साहेब, विमान थांबत नाही."

"थांबेल," मी म्हणालो. विमानाच्या बाबतीत मला कसलाही अधिकार नव्हता. तरी तो हॉर्नकडे हात न्यायला लागला, तेव्हा मी त्याचा हात धरला.